विजय नावाचा हरणारा घोडा

माझे धाकटे दीर अण्णाभाऊजी अमरावतीच्या कोर्टात वकील. पण खरी वकिली त्यांनी एकाचीच केली, आणि तो होता त्यांचा घोडा. नाव विजय. वऱ्हाडातल्या जत्रांमधली एकही शर्यत त्याने जिंकली नाही.

शर्यत हरून आले की अंगातला कोटही न काढता भाऊजी माझ्या चुलीजवळ पाट ओढून बसायचे. "वहिनी, निकाल विरुद्ध गेला. पण मुद्दे आपल्या बाजूने आहेत." दर्यापूरची काळी माती टापांना धरते. अकोल्याला वारा समोरून होता.

"बाकीच्या घोड्यांले वारा नव्हता काय, भाऊजी?"

"होता. पण त्यांनी मनावर घेतला नाही. आपला विचारी आहे."

चांदूरला तर विजय चक्क पुढे होता म्हणे. मागचे दिसेनात, तेव्हा थांबला. "त्याले एकट्याले करमत नाही," भाऊजी म्हणाले. भाऊजींनी लग्न केलं नव्हतं. मी भाकरी उलटली.

इकडे पक्षकार पांगले. तारखेला वकीलसाहेब जत्रेत, मग कोण थांबतो? शेवटी आमच्या घरच्यांनी धाकट्या भावाला बजावलं, "अण्णा, या खेपेले हरला तर टांग्याले द्यायचा."

हरला.

स्टेशनावरचे करीमभाई टांगेवाले घोडा पाहायला आले. सौदा मोडावा म्हणून भाऊजी त्या दिवशी प्रथमच अशिलाविरुद्ध बोलले.

"हा पळत नाही, करीमभाई."

"बरं हाय. सवारी पडाची नाही."

"मधेच थांबतो."

"टांगा थांबाचाच असते, साहेब."

"कोणालेही पुढे जाऊ देतो."

"मंग तं लाखात एक जनावर हाय. आमचे घोडे रस्त्यात भांडतात."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तरी काय करणार? लगाम त्यांनी स्वतःच करीमभाईंच्या हातात दिला आणि दोन दिवस जेवले नाहीत.

पुढे कोर्ट सुटलं की ते विजयचाच टांगा ठरवून घरी येऊ लागले. भाडं आधी द्यायचे. एकदा मी फाटकात उभी होते. टांगा आला तो रिकामाच. पुढे करीमभाई, आणि घोड्याच्या मानेवर हात ठेवून धुळीतून चालत येणारे आमचे भाऊजी.

"भाडं देऊन पायी कावून, भाऊजी?"

"चढ आहे ना, वहिनी."

कोर्टापासून आमच्या घरापर्यंत सगळा रस्ता सपाट होता.