पहिल्या खेपेची गाडी

जिंतूरच्या दौलतमामांकडे गेलेल्या माणसाच्या हातात चहाआधी लोहचुंबक यायचं. "लाव," मामा म्हणायचे. अंगणातल्या दोन सीटांच्या विलायती गाडीला ते लावायचं. ते चिकटायचं नाही, आणि मामा खूश व्हायचे.

"पयल्या खेपेची हाय! लढाईनंतर गोऱ्यांनी पयल्या थोड्या गाड्या आशाच केल्या. आत लाकडी सांगाडा, वरून ॲल्युमिनियम. मागून समद्या लोखंडी."

मामा हैदराबादच्या एका नवाबाचे ड्रायव्हर. नवाब देश सोडून गेले, गाडी मामांकडे राहिली.

मी मानवतचा भंगारवाला. हातगाडी ढकलत सुरुवात केली आणि स्वतःचं गोदाम बांधलं. माझ्या तोंडून सुटलेला भाव कुणी परतवला नाही. मामांनी नऊ वर्षं परतवला. तो राग अजून गेलेला नाही. एकदा मी म्हणालो, "मामा, ॲल्युमिनियम म्हणजे जर्मलच. जर्मलच्या पातेल्याचा भाव देतो." ते आत गेले आणि खरंच एक पातेलं घेऊन आले.

"हे घे. चाकं बसीव अन् जा मानवतला!"

आंबे असोत, मास्तर असोत की जावई, मामा सगळ्यांना खेपा लावायचे. मला म्हणायचे, "तू लय मागल्या खेपेचा हायस."

नामांतराच्या एका बंदात एसट्या थांबल्या आणि मी त्यांच्याच अंगणात अडकलो. म्हटलं, आज सौदा करूनच उठायचं. तिसऱ्या चहाला माझा आवाज चढला.

"मामा, इंजिन जाम, हॉर्न मुका. शेवटचं सांगतो. लाकूड वजा करून पत्र्याचा भाव देतो!"

"लाकूड वजा?" मामा उठले. गाडीचं दार उघडलं. "बघ."

सांगाडा फिकट विलायती लाकडाचा होता. दाराखालची एकच पट्टी सागाची. तिला ओळीनं भोकं, आणि एका भोकात लाल रंगाची कातीव दांडी अडकलेली. पाळण्याची बाजू होती ती.

"वाळवी लागली व्हती. घरात साग येवढाच व्हता," मामा म्हणाले. "पोरीचा. रडायला लागली की हितं मांडीवर घेऊन बसायचो. गाडी हलली की गप. तीन म्हयन्याची गेली."

ते गाडीत बसले आणि दार हलकेच लावून घेतलं.

"आलायस तर जरा ढकल."

फुकट मी कशालाही हात लावत नाही. त्या दिवशी लावला. दोन हात पुढं, दोन हात मागं. अंगण तेवढंच होतं.

"हळू रं," मामा म्हणाले.