वाढत्या अंगाची पेटी

मोरेश्वरने चकलीसाठी सहा फुटी काचेची पेटी आणली, तेव्हा चकली दीड फुटाची होती. चकली म्हणजे त्याच्या मुलीने, नेत्राने, पाळलेलं अजगराच्या जातीचं पिल्लू. कायम वेटोळं करून बसायचं म्हणून हे नाव. छोटा प्लास्टिकचा डबा पुरेल, असं दुकानातल्या बाईंनी दोनदा सांगितलं होतं. पण नागपूरला मोरेश्वरच्या घरी शाळेचा गणवेशसुद्धा दोन वर्षं पुढच्या मापाने शिवला जायचा. वाढत्या अंगाचं घेणं हा त्याच्या लेखी संस्कार होता, आणि साप तर वाढतातच.

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या त्या प्रशस्त घरात पेटी नेमकी बेसमेंटच्या जिन्याच्या वळणावर अडकली. उलटी केली, तिरकी केली, भिंतीचा रंग गेला. शेवटी ती डायनिंग रूममध्ये ठेवायची ठरली. त्यासाठी आठ खुर्च्यांचं टेबल गॅरेजमध्ये गेलं आणि गॅरेजमधली गाडी बाहेर आली. त्याच आठवड्यात बर्फ पडला. मोरेश्वर रोज सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा आणि त्याची बायको शुभा खिडकीतून चहा पीत ते बघायची. जेवायला तिघं स्वयंपाकघरातल्या चिमुकल्या काउंटरला कोपर भिडवून बसू लागली.

इकडे चकली पाण्याच्या वाटीखाली शिरली ती शिरलीच. नेत्रा चिमट्यात उंदीर धरून बसायची. हा चिमटा पोळ्यांचा नाही, याची शुभाने पहिल्याच दिवशी खात्री करून घेतली होती. चकली ढुंकूनही बघेना. पेटी ओकीबोकी दिसते म्हणून मोरेश्वरने गणपतीच्या मखरातल्या प्लास्टिकच्या वेली आत सोडल्या. चकली आणखी आक्रसली. तीन आठवडे पोटात काही नाही. रविवारपर्यंत खाल्लं नाही तर तिला परत देणार, असं सांगताना नेत्राच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, एवढी मोठी जागा दिलीय तिला," मोरेश्वर म्हणाला.

"बाबा, रिमेंबर माझं फर्स्ट ग्रेडचं जॅकेट? मला माझे हातच सापडायचे नाहीत. शी इज जस्ट स्केअर्ड."

मोरेश्वरला ते जॅकेट आठवलं. तिसरीपर्यंत पुरलं, हे तो कौतुकाने सांगत आला होता. त्याला फार वाईट वाटलं. जेवण होताच त्याने शुभाचा रांगोळीचा डबा न विचारता रिकामा केला आणि झाकणाला भोकं पाडायला बसला.

डबा वर नेत्राच्या खोलीत गेला आणि शनिवारी त्यातच चकलीने उंदीर गिळला. नेत्रा धावत खाली आली आणि कित्येक वर्षांनी बाबाच्या गळ्यात पडली.

दुसऱ्या दिवशी जेवताना शुभा म्हणाली, "आता ती पेटी देऊन टाक कुणाला तरी. टेबल आत घेऊ."

मोरेश्वर पोळी मोडत होता. नेत्राचं कोपर त्याला लागत होतं आणि ती अनया नावाच्या मैत्रिणीशी झालेलं भांडण रंगवून सांगत होती. मोठ्या टेबलाच्या दिवसांत ती ताट घेऊन सरळ वर खोलीत जायची. तिच्या एकाही मैत्रिणीचं नाव त्याला महिन्यापूर्वी ठाऊक नव्हतं.

"राहू दे पेटी," तो म्हणाला. "चकली वाढत्या अंगाची आहे. लागेल दोन-तीन वर्षांनी."

शुभाने खिडकीबाहेर बर्फात बुडालेल्या गाडीकडे पाहिलं, आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.