साडेतिसरा मजला

ज्या समाजात हाकेला ओ देण्याची ठरलेली पद्धत नसते, तो समाज रानटी समजावा. आमची सात मजली इमारत गेल्या महिन्यापर्यंत अशीच रानटी होती. लिफ्ट अडकली की आतला माणूस दार बडवायचा आणि लिफ्टमन हातातला चहा टाकून किल्ली घेऊन धावायचा. नोंद नाही, क्रमांक नाही, काही नाही.

मग मी घरबसल्या व्हिडिओ बघून वेब एपीआय, म्हणजे फोनवरून आलेला अर्ज यंत्रानं कसा घ्यायचा ते, शिकले (दूध दोनदा उतू गेलं) आणि तक्रारींची यंत्रणा बांधली. रचना अशी की डोळे निवावेत. फोनवरून निघालेली रिक्वेस्ट राउटरकडे जाते; कुणाचं गाऱ्हाणं कुठल्या दारी न्यायचं, हे तो ठरवतो. वाटेत मिडलवेअर नावाचे पहारेकरी. एक विचारतो, तुम्ही कोण. दुसरा विचारतो, सारखं सारखं का येता. तिसरा नुसतंच लिहून घेतो. पुढे तपासनीस अर्जाचे रकाने बघतो. एवढ्यातून जो तरला त्याच्यासाठी शेवटी हँडलर. त्यात एकच ओळ आहे : लिफ्टमनचा फोन वाजवा. (उरलेल्या अकराशे ओळी या ओळीपर्यंत कुणी उगाच पोचू नये म्हणून.)

पहिल्याच महिन्यात तक्रारी ब्याण्णव टक्क्यांनी घटल्या. लिफ्ट पूर्वीइतकीच अडकत होती.

मंगळवारी दुपारी माझी नणंद अडकली, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधोमध. वन्संना दमा आहे आणि पंप घरी राहिलेला. त्यांनी मजल्याच्या रकान्यात साडेतीन लिहिलं. उत्तर आलं : पूर्णांक लिहा. (जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. त्यांनी दुसऱ्यांदा सात छेद दोन लिहिलं.) तिसऱ्या खेपेला दुसऱ्या पहारेकऱ्यानं दहा मिनिटांनी यायला सांगितलं.

तेव्हा त्यांनी मला फोन केला.

“वन्सं, दहा मिनिटांनी चार लिहा.”

“मी चारवर नाहीये.”

“मग तीन लिहा.”

“तीनवरही नाहीये. तू तुझा रकाना सुधार.”

मुद्दा रास्त होता. मी लॅपटॉप उघडून रकाना सुधारायला बसले. फोनमधून त्यांच्या छातीची शिट्टी ऐकू यायला लागली. (लिफ्ट माझ्या दारापासून नऊ पावलांवर आहे. बडवण्याचा आवाज तर फोनच्या आधीपासून येत होता.) खाली लिफ्टमनही ऐकत होता, एका हातात किल्ली, दुसऱ्यात फोन. रिक्वेस्ट आल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही, ही ताकीद माझीच.

दहा मिनिटं सरली. वन्संनी आयुष्यात पहिल्यांदा चुकीचं उत्तर लिहिलं : चार. पातं लवायच्या आत मंजूर. लिफ्टमन जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत चौथ्यावर आला, दार उघडलं आणि त्यांना दोन्ही दंडांना धरून वर ओढलं. मी घरातून आणलेल्या पंपाचे दोन झटके घेतल्यावर त्या मला म्हणाल्या, “अगं, तुला आवाज येत नव्हता?”

“येत होता, वन्सं. पण रिक्वेस्ट आली नव्हती.”

आता आमच्याकडे अर्धे मजलेही स्वीकारले जातात.

ज्यांना हसू आलं, त्यांनी जरा आपला फोन बघावा. सकाळी आईचा मिस्ड कॉल होता. तुम्ही तिला कळवलंय, ‘कामात आहे, काय ते लिहून पाठव.’ तिचा रकाना अजून रिकामाच आहे.