काडेपेटीतली कारणं

आमच्या निमगाव केतकीत हातातल्या बॅटरीचा बल्ब गेला, की लोक तो फेकून देत नसत; तात्यांना नेऊन देत. तात्या तो फडक्यात गुंडाळून हलकेच फोडायचे, काचा वेचून बाजूला करायचे, आतली तार भिंगाखाली धरायचे आणि म्हणायचे, "मेला त्ये दिसतंय. कशानं मेला त्ये बघू."

तात्या आमचे शेजारी. बाजाराच्या दिवशी लिंबाखाली पोतं अंथरून बॅटऱ्या, कंदील दुरुस्त करायचे. चालू वस्तूत त्यांचं मन नसे. दुरुस्त झालेली बॅटरी ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडेही न बघता पुढं करत. बंद पडलेलं काही दिसलं, की मात्र सरसावून बसत. ग्रामपंचायतीच्या रेडिओतला जळलेला व्हॉल्व्ह, बल्बसारखी काचेची नळी, त्यांनी फोडला होता. शाळेचं घड्याळही उघडलं होतं. ते नुसतं चावी द्यायची राहिली म्हणून थांबलं होतं. हेडमास्तर ओरडले, "अहो तात्या, ते जिवंत होतं!"

तात्या म्हणाले, "मग आदी बोलायचं की."

माझी आई म्हणायची, "मी मेले की तात्याला कळवू नगा रं. इस्कटून बघंल."

उघडलेली प्रत्येक वस्तू एकेका काडेपेटीत जाई आणि पेटीवर कारण लिहिलं जाई. तात्यांना लिहिता येत नव्हतं. सुट्टीत घरी आलो, की ते काम माझ्याकडे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माझ्या अक्षरावर त्यांचा फार भरवसा. "ल्हिव, तार तुटून. ह्याच्यावर ल्हिव, हवा शिरून." मला ते विचित्र वाटे, पण नाही म्हणायचा धीर होत नसे.

एका वर्षी जवळच्या अंथुर्णे गावच्या एका बागायतदाराने मुंबईहून खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ आणला होता. तो बंद पडला. बारामतीच्या दुकानदाराने आतला शेंगदाण्याएवढा एक काळा काचेचा दाणा, म्हणजे खरा ट्रान्झिस्टर, बदलला आणि रेडिओ बोलू लागला. जुना दाणा तात्या मागून घेऊन आले. मला पुण्याला कॉलेजात कार्ड आलं, पोस्टमनच्या अक्षरात : "दाणा मेला हाय. दुर्बीन घिऊन ये."

प्रयोगशाळेतल्या सहायकाची मनधरणी करून मी दिवाळीला एक जुना सूक्ष्मदर्शक आणला. अंगणात बसून तात्यांनी दाण्याचा काळा रंग खरवडला, कानशीने काच कापली, आतलं पांढरं मलम पुसलं. बाजरीच्या कणीएवढी चकचकीत कपची निघाली. दाढीच्या आरशाने त्यांनी तिच्यावर ऊन पाडलं. मी डोळा लावला.

"कशानं?"

"काय दिसत न्हाय, तात्या. तारा जाग्यावर हायेत. तडा न्हाय, डाग न्हाय."

"नीट बघ."

मी पुन्हा बघितलं. तात्यांनी आरसा आणखी जवळ धरला. ऊन कपचीवरून सारखं घसरत होतं.

"मग मेला कसा?"

एवढं कॉलेजात जाऊन सांगता येत नाही, याची मला लाज वाटली.

तात्यांनी एका हाताने कपची काडेपेटीत ठेवली आणि ते म्हणाले, "ल्हिव. बघितलं, दिसलं न्हाय."

मी लिहिलं. तात्या घरात जाऊन आणखी एक काडेपेटी घेऊन आले. हाताळून हाताळून तिच्यावरचं चित्र पुसून गेलं होतं. आत लहान मुलाच्या कानातली बाळी होती.

"आमचा म्हादू," ते म्हणाले. "तीन वर्सांचा हुता. तू तवा झालाबी नव्हतास. सकाळी अंगणात खेळत हुता, दुपारी गेला. डाक्टर म्हणला, फाडून बघू, म्हंजी कळंल कशानं गेला. मी म्हणलो, पोराला हात लावायचा न्हाय."

मला आईची थट्टा आठवली. मी मान खाली घातली.

"ह्याच्यावर काय लिहू, तात्या?"

आरसा अजून त्यांच्या हातातच होता. समोरच्या भिंतीवर उन्हाचा कवडसा थरथरत होता.

"ल्हिव," तात्या म्हणाले, "बघितलंच न्हाय."