टिटवीनं मोजलेली अमेरिका

एका जंगलात फूटपट्टी नव्हती, बाळांनो. मैल नव्हते, कोसही नव्हते. तिथं सगळं हाकेनं मोजत.

पद्धत सोपी होती. एकानं इकडून हाक द्यायची. दुसऱ्यानं तिकडून ओ द्यायची. ओ ऐकू आली की झाली एक हाक. नदीपासून जांभळीपर्यंत एक हाक. जांभळीपासून टेकडीपर्यंत दोन हाका. आणि ओ आलीच नाही, तर ते अंतर मापाबाहेरचं समजायचं.

मोजायचं काम येसाक्काकडे होतं. येसाक्का म्हणजे टिटवी. ती नदीच्या वाळूत राहायची. पाय काटकुळे, पण आवाज खणखणीत. रोज सूर्य टेकडीमागं गेला, की ती हाक द्यायची, "आहात का रेऽऽ?"

एकेक ओ यायची. कुणी झोपेत द्यायचं, कुणी तोंडात घास असताना द्यायचं. सगळ्यांच्या ओ आल्या, की येसाक्का पाय वर करून निजायची. आभाळ पडलंच तर धरायला नको का कुणी?

तिला एकच लेक होती, गोदा. ती परदेशी बदकांच्या थव्याबरोबर अमेरिकेला गेली. दोन वर्षांनी बदकांनी तिचं पत्र आणलं. पिसावर लिहिलेलं होतं.

"आई, मी अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या शहरात राहते. फार फार मोठं आहे गं. यंदा मी अंडी घालणार. तेव्हा तू जवळ हवीस. ये. तुझी गोदा."

पत्ता लिहायला ती विसरली होती. पत्र या थव्यातून त्या थव्यात फिरत आलेलं, त्यामुळं बदकांनाही तो ठाऊक नव्हता.

येसाक्का पत्र घेऊन पाणवठ्यावर गेली. तिनं विचारलं, "अमेरिकेतलं सगळ्यात मोठं शहर कोणतं हो?"

"न्यूयॉर्क!" झाडावरून पिलाजीराव वानर म्हणाले. त्यांचा मुलगा न्यूयॉर्कला होता. "यात विचारायचं काय? आमचा चिरंजीव चाळिसाव्या फांदीवर राहतो. त्याच्या वर अजून तीस फांद्या आहेत. एकेका फांदीवर शंभर बिऱ्हाडं."

पाण्यात रंगोबा गवा उभा होता. त्यानं शिंगं हलवली. "त्याला शहर म्हणतात होय? त्याला गर्दी म्हणतात. मोठं म्हणजे पसरलेलं. माझा भाचा लॉस एंजेलिसला आहे. तिकडे गव्याला बायसन म्हणतात. तो सकाळी निघतो, दुपारपर्यंत धावतो, तरी शहरातच असतो."

"सपाट शहर ते!" वानर म्हणाले. "सांडलेल्या ताकासारखं."

"आणि तुमचं? वारूळ नुसतं! श्वास घ्यायचा तर शेजाऱ्याला विचारावं लागतं."

"निदान शेजारी तरी आहे!"

येसाक्का म्हणाली, "अहो, माझी गोदा कुठं आहे?"

तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. साळिंदर मास्तरांना बोलावणं गेलं. जंगलातलं लिहिण्याचं काम त्यांच्याकडे. त्यांच्या पाठीवर लेखण्याच लेखण्या. त्यांनी एक उपटली आणि विचारलं, "मोठं म्हणजे कसं? लोक मोजायचे, की जमीन, की दाटी?"

"दाटी म्हणजे?" गव्यानं विचारलं.

"एका जागेत किती जण कोंबलेत ते."

"मग तिथं न्यूयॉर्कच पहिलं," वानर म्हणाले.

"नुसतं शहर धरलं तर हो," मास्तर म्हणाले. "पण भोवतालची उपनगरंही धरली, तर सगळी मिळून लॉस एंजेलिसकडेच जास्त दाटी भरते."

वानरांना राग आला, कारण दाटीत ते हरले. गव्याला त्याहून राग आला, कारण दाटीत तो जिंकला.

"आणि नुसती जमीन मोजली," मास्तर पुढं म्हणाले, "तर जॅक्सनव्हिल या दोन्ही शहरांहून मोठं आहे."

"तिथं आपलं कोण असतं?" दोघांनी एकदम विचारलं.

"कुणीच नाही."

"मग ते राहू द्या."

एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं जमलं. बाकी भांडण वाढत गेलं. पाणवठ्याच्या मधोमध काठी रोवली गेली. उभ्या शहराचे अलीकडे, आडव्या शहराचे पलीकडे. ज्यांचं अमेरिकेत कुणीच नव्हतं, ती हरणं रोज विचारून विचारून पाणी पीत.

बदकांची निघायची वेळ झाली. येसाक्का म्हणाली, "तुमचं ठरेपर्यंत माझ्या नातवंडांना पंख फुटतील. मी दोन्हीकडे बघून येते."

"मग जातेच आहेस तर मोजूनही ये," वानर म्हणाले.

"हाकेनंच मोज हां," गवा म्हणाला. "कागदावर आपला विश्वास नाही."

येसाक्का निघाली. ती आधी न्यूयॉर्कला पोचली.

बाळांनो, तिथं पाय टेकायला जागा मिळेना. पावाचा एक तुकडा, त्यावर नऊ कबुतरं. दहावं येसाक्काला म्हणालं, "रांगेत या." आभाळ होतं, पण फीत कापल्याएवढं. ते पडलं असतं तरी खाली पोचलं नसतं. मध्येच अडकलं असतं.

वानरांचा मुलगा चाळिसाव्या फांदीवर भेटला. बिचारा चांगला होता. त्यानं तिला शेंगा दिल्या.

"गोदा इथं आहे का रे?" तिनं विचारलं.

"असेलही, काकू. इथं सगळेच असतात."

"तुझ्या शेजारी कोण राहतं?"

"त्यांना पहाटे खोकला येतो," तो म्हणाला. "एवढंच माहीत आहे."

सूर्य बुडताना येसाक्का कठड्यावर उभी राहिली. छाती भरून तिनं हाक दिली, "गोदेऽऽ! ए गोदेऽऽ!"

समोरून आवाज आला. "...देऽऽ!"

येसाक्कानं उडायला पंख उघडलेही. पण ती तिचीच हाक होती. समोरच्या काचेवर आपटून परत आली होती. खालून कुणीतरी ओरडलं, "गप बसा!" आणि वरून कुणीतरी खिडकी लावून घेतली. हाक लाखभर कानांत गेली असेल. ओ काही आली नाही.

अशा ओळीनं नऊ संध्याकाळी तिनं हाका दिल्या. आवाज अर्धा बसला. मग ती लॉस एंजेलिसला गेली.

तिथं आभाळ पोटभर होतं. शहर बसकं, घराला घर लागून, क्षितिजापर्यंत. रस्ते नदीसारखे रुंद. त्यावर गाड्या, गाडीत एकेक जण, काचा वर केलेल्या. गव्याच्या भाच्यानं तिला पाठीवर बसवलं.

"गोदा कुठं असेल रे?"

"असेल इथंच जवळ, मावशी."

"जवळ म्हणजे?"

"दीड तास."

"आणि लांब म्हणजे?"

"लांब असं काही नसतं इथं. सगळं दीड तास."

दुपार झाली, संध्याकाळ झाली, तरी ते जवळच चालले होते. सूर्य समुद्रात बुडायला लागला तशी येसाक्कानं हाक दिली. न्यूयॉर्कची हाक आपटून परत आली होती. ही कुठंच आपटली नाही. छपरांवरून जात राहिली, जात राहिली. कुठं खाली उतरावं असं ठिकाणच तिला सापडलं नसेल. भाच्यानं तेवढे कान हलवले. पण तो तर पायाखालीच होता, त्याची ओ कशी धरायची?

तिथंही नऊ संध्याकाळी गेल्या. येसाक्काचा आवाज पार गेला. घशातून नुसता फुसफुस वारा यायला लागला. अंडी घालायचे दिवस होऊन गेले होते. बदकं म्हणाली, "आक्का, आता मागं फिरू या."

ती त्यांच्यामागं उडाली. नाही म्हणायलाही आवाज उरला नव्हता.

वाटेत बदकं विसाव्याला उतरली. एक गाव होतं. गावाच्या नावाची पाटी होती, पण मका वाढल्यामुळं ती झाकून गेली होती. धान्य साठवायचा एक उंच मनोरा होता. रस्ते चार. एक दिवा होता, तो तांबडा, मग हिरवा, मग तांबडा होत होता, पण त्याचं ऐकायला रस्त्यावर कुणी नव्हतं. एक दुकान कधीचं बंद पडलेलं. त्याच्यासमोर गाड्या लावायची मोकळी खडीची जागा.

सूर्य बुडत होता. येसाक्कानं सवयीनं चोच उघडली.

"गोदे..."

ती हाक नव्हतीच. सुकं पान सरकावं एवढा आवाज. नदीकाठी हा आवाज शेजारच्या दगडालाही कळला नसता.

"ओऽऽ!"

खडीतून एक टिटवी उभी राहिली. पुन्हा पटकन बसली. पोटाखाली चार अंडी होती.

"आई, जवळ ये गं! मला उठता येत नाही!"

येसाक्का धावली. पाय काटकुळे, पण धावली. मग बराच वेळ दोघींनी नुसत्या चोची एकमेकींच्या मानेत खुपसून ठेवल्या.

मग येसाक्का रागावली. जेवढं फुसफुसता येईल तेवढं रागावली. "कार्टे, सगळ्यात मोठं शहर म्हणून लिहिलंस ना? हे? मी दोन डोंगराएवढी शहरं पालथी घातली! घसा गेला माझा!"

गोदा खाली बघून म्हणाली, "आई, मी पहिल्यांदा इथं उतरले, तेव्हा सूर्य बुडत होता. मी हाक दिली. आपल्याकडे देतात तशीच, आहात का रे म्हणून. कुणाची ओ आली नाही. दुसऱ्या दिवशी दिली. रोज दिली. ओ नाही आली तर अंतर मापाबाहेरचं, हे तूच शिकवलंस ना? मग याहून मोठं शहर कुठलं असणार?"

हिशेब बरोबर होता.

थोड्या वेळानं ती उठली. चालत धान्याच्या मनोऱ्यापाशी गेली. गाव तिथं संपत होतं. तिथून तिनं फुसफुसून विचारलं, "आहेस का गं?"

"आहे!" गोदा म्हणाली.

येसाक्का परत आली. "अर्धी हाक," ती म्हणाली. "एवढंसं तर आहे तुझं शहर." आणि तिनं लेकीला उठवून चरायला पाठवलं आणि अंड्यांवर स्वतः बसली.

पुढं अंड्यांतून पिल्लं निघाली. येसाक्का तिथंच राहिली. गोदाकडून पिसावर लिहून घेतलेला निरोप तिनं बदकांबरोबर जंगलाला धाडला. "गोदा सापडली. न्यूयॉर्क मापाबाहेर. लॉस एंजेलिस मापाबाहेर. सगळ्यात मोठं शहर वेगळंच निघालं, ते अर्धी हाक भरलं."

पाणवठ्यावर निरोप वाचला गेला. मास्तरांनी तो तीनदा वाचला.

"बाई म्हातारी झाली," वानर म्हणाले.

"माप चुकलं तिचं," गवा म्हणाला. "अर्धी हाक म्हणे! एवढ्यात माझी शेपूटसुद्धा मावत नाही."

दोघं पोट धरून हसले. हसता हसता काठी केव्हा पडली ते कळलंही नाही. दोन्ही शहरं मापाबाहेर, म्हणजे दोन्ही सारखीच मोठी, असं ठरलं. भांडण मिटलं. हरणं न विचारता पाणी पिऊ लागली.

असे काही दिवस गेले. एका संध्याकाळी सूर्य टेकडीमागं गेला. वानर झाडावर होते, गवा पाण्यात होता. दोघं कशाची तरी वाट बघत होते. कशाची, ते त्यांना आठवेना.

"रंगोबा," वानर म्हणाले.

"काय?"

"जंगल वाढलंय का रे?"

गव्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "मलाही तसंच वाटतंय. मास्तरांना विचारू या."

मास्तरांनी लेखणी उपटली. सगळं जंगल हिंडून आले. नदी तिथंच होती. जांभूळ तिथंच, टेकडी तिथंच.

"तसूभरही वाढलेलं नाही," ते म्हणाले.

मग तिघंही ओ न देताच निजायला गेले. त्या रात्री आभाळ कुणीच धरलेलं नव्हतं. पण ते पडलं नाही.

तात्पर्य: शहर केवढं आहे ते अचूक मोजायचं असेल, तर तिथं आपलं माणूस शोधायला जाऊ नये. ते सापडलं, की शहर लहान भरतं आणि माप चुकतं. आणि बाळांनो, मापाचं मास्तर बघून घेतील. तुम्ही पत्र लिहाल तेव्हा पत्ता तेवढा लिहा.