नवरा लांब आहे

विहीणबाई ओटीवर आल्या, भिंतीकडं एकदा बघितलं आणि गिरजेनं पुढं केलेला गूळपाण्याचा तांब्या हातानं मागं सारला. लग्न तोंडावर आलेलं असताना मुलाची आई पाणी घेत नाही म्हणजे काय, हे नंदिगड्ड्यात शेंबड्या पोरालाही कळतं.

"ह्यो कोण?" अनुसयाबाईंनी भिंतीवर बोट ठेवलं.

भिंत तांबड्या मातीनं सारवून तिच्यावर गिरजेच्या लेकीनं, फुलानं, तांदळाच्या पिठानं लग्नाचं चित्र काढलं होतं. घराण्याची रीत अशी की नवरानवरी शेजारी, सारख्या उंचीचे, डोक्याला बाशिंग, बाजूला वाजंत्री. काढणारीनं हात चालवायचा, डोकं नाही. फुलानं दोन्ही चालवलं होतं. भिंतीच्या ह्या टोकाला सुपाएवढं नवरीचं तोंड होतं, आणि त्या टोकाला, झाडांच्या पार पलीकडं, बोटाच्या पेराएवढा एक माणूस.

"ह्यो... जावई," गिरजा म्हणाली.

"माझा झिलू? ह्यो? मला वाटलं पाल बसलीया."

दुसऱ्या कुणाला हसून सोडता आलं असतं. पण झिलू खरोखरच बुटका होता. त्याच्या दिग्गीपासून नंदिगड्ड्यापर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. फुला मात्र बापावर गेलेली, पोफळीसारखी सरळ वर. आधीची दोन स्थळं तिच्या शेजारी मुलगा उभा करून बघितल्यावर घरी गेली ती गेलीच. म्हणून सुपारी फुटली त्या दिवशी गिरजेनं शहाणपण केलं. पाहुणे यायच्या आधी फुलाला पाटावर बसवलं आणि पाहुणे वेशीपार होईतोवर उठू दिलं नाही. लग्न ठरलं ते असं, बसून.

फुला आतून आली आणि दारातच गुडघे दुमडून टेकली. "आत्ती, त्यो ल्हान न्हाई. लांब हाय."

"लांब?"

"दिग्गीहून यायला लागलाय. अजून रानातच हाय. जवळ आला की मोठा व्हईल."

"कवा?"

फुलानं भिंतीकडं बघितलं. हा विचार तिनं केलेला नव्हता.

सगळा दोष कॅसलरॉकचा. फुलाचा बाप लखू बुरुडकामाच्या टोपल्या विकायला तिथल्या स्टेशनाकडं गेला तेव्हा लेकीला बरोबर घेऊन गेला होता. तिथं तंबूत एक माणूस हातानं दांडा फिरवून पांढऱ्या कापडावर हलती चित्रं दाखवत होता. त्यात एक बाई खिडकीशी उभी होती आणि तिचं नुसतं तोंड कापडभर दिसत होतं. मग पार डोंगराच्या कडेला मुंगीएवढा राजा दिसला, मग शेळीएवढा झाला, मग घोड्यासकट कापडात मावेना. लखू उठून बाजूला झाला, घोड्याला वाट द्यायला. मागची माणसं ओरडली. फुला मात्र बसून राहिली. कुणी एक शब्द बोललं नव्हतं, तरी ती बाई किती दिवस वाट बघत होती ते तिला कळलं होतं.

"अव्वा, तोंड जवळनं दावलं की मनातलं दिसतंय," घरी येऊन ती म्हणाली.

"मनातलं मनात ठेव. तांदूळ निवड," गिरजा म्हणाली. तिथंच तिनं हातातला कुंचला काढून घ्यायला हवा होता.

आणि फुलाच्या मनात काय होतं? सुपारीच्या दिवशी सगळे पानसुपारीत असताना झिलूनं हळूच विचारलं होतं, "पायांस्नी मुंग्या आल्या असतील न्हवं?" एवढंच. एवढ्यावर ती त्याची वाट बघत होती. ते तिनं भिंतीवर काढलं, आणि विहीणबाईंनी वाचलं भलतंच.

त्यांचं वाचन अजून संपलं नव्हतं. त्या नवरीच्या तोंडापाशी गेल्या, वाकल्या, जमिनीपर्यंत बघितलं.

"हिचं पाय कुठं हाईत?"

"जवळ हाय न्हवं ती. जवळच्या माणसाचं पाय दिसत न्हाईत."

"मला तर तुझ्या आईचं पाय दिसत्यात. जवळच उभी हाय." अनुसयाबाई थांबल्या. काहीतरी आठवलं. "सुपारीलाबी तू बसूनच व्हतीस. आतासुदिक बसलीस. गिरजाबाई, पोरगी लंगडी हाय काय वो?"

"देवाची आण, न्हाई!"

"मग उठीव."

गिरजेनं लखूकडं बघितलं. लखू वासे मोजत होता. लंगडी म्हणवून घ्यावं तर लग्न मोडतं, उठवावं तरी मोडतं. आईच्या जन्माला येऊन माणसाला कसलं कसलं निवडावं लागतं! अखेर ती म्हणाली, "ऊठ गे."

फुला उठली. उठली आणि उठतच गेली. अनुसयाबाईंची मान तिच्यामागं वर वर गेली, इतकी की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला.

"म्हंजे," अनुसयाबाई सावकाश म्हणाल्या, "चित्र खरंच काढलंय म्हणायचं. ही एवढी, आनि माझा ल्योक एवढा. आनि सगळ्या गावानं लग्नात यून हे बघायचं. मी चालले."

गिरजेनं त्यांचे पाय धरले. लखू कधी नव्हे तो बोलला, आणि तेही नको ते.

"अनुसयाबाई, भिंत घरचीच हाय. तुमास्नी हवा तेवढा मोठा काढून देतो."

अनुसयाबाई दारात थांबल्या. "कितीबी?"

"कितीबी."

त्या परत आल्या आणि वाकळेवर बसल्या. पाणी अजून प्यायल्या नव्हत्या.

फुलानं कुंचला हातात घेतला नाही, म्हणून गिरजेनं घेतला. आधी पेराएवढा झिलू हातभर झाला. "आनि." मग दीड हात. "आनि काढा वो, जेवतोय त्यो आमच्यात." झिलूचं मुंडासं वाशांना लागलं तेव्हा कुठं आईचा जीव निवला. पण एवढ्या मोठ्या नवऱ्यापुढं सुपाएवढं तोंड अजून मोठंच दिसत होतं. ते ओल्या फडक्यानं पुसलं आणि तिथं ओंजळीएवढी नवरी काढली. पायांसकट. पाय अनुसयाबाईंनी स्वतः मोजले.

"आता बरी दिसतीया. खाली बघती."

"व्हय, खालीच बघती," गिरजा म्हणाली.

मग अनुसयाबाईंना आठवलं की झिलूचा मामा नागू मानाचा आहे. नागू भिंतीवर नसला तर मांडवात जेवणार नाही. नागू काढला. नागूला मिशा लागल्या. मिशांना जागा लागली, म्हणून झाडं पुसली. झाडं गेल्यावर रान गेलं, आणि रान गेल्यावर कुणी कुठून येतच नव्हतं, सगळे आपले ओळीनं उभे. पीठ संपलं. जेवणावळीसाठी ठेवलेले तांदूळ गिरजेनं पाट्यावर घेतले. लखू म्हणाला, "भाताला काय घालायचं?" तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो पुन्हा वासे मोजू लागला.

"आनि मी?" अनुसयाबाई म्हणाल्या. "ज्याची आई न्हाई त्याचं कसलं लगीन?"

झिलूची आई काढली. नऊवारी, नथ, पाटल्या. पदर मात्र जरा भारी काढायला सांगितला होता, काठाला वेलबुट्टी. पदर पसरत पसरत नागूच्या कोपरापर्यंत गेला. अनुसयाबाई मागं सरकल्या, मान वाकडी करून भिंत डोळे भरून बघितली आणि तांब्या उचलून घटाघटा रिकामा केला.

"आता कसं, समदी हाईत."

गिरजा भिंतीला टेकून मटकन बसली. पोरगी खपली होती. पाठीला ओलं पीठ लागलं तेही तिला कळलं नाही.

लग्नाच्या दिवशी वरात आली. अक्षता पडल्या. मांडवात भाताची वाट बघत माणसं जरा जास्तच वेळ बसली. तेवढ्यात झिलू मुंडावळ्या सावरत ओटीवर आला. फुला तिथंच उभी होती. त्यानं चित्र ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"ह्यातला मी कंचा?"

फुलानं दाखवलं.

"त्यो? मला वाटलं राक्षस असंल," झिलू म्हणाला. पुन्हा शोधू लागला. "आनि तू?"

"आत्तीच्या पदराखाली."

झिलू भिंतीजवळ गेला. वेलबुट्टीवर नख लावून त्यानं हळू खरवडलं. पिठाचा एक पोपडा निघाला, खाली एवढीशी तांबडी माती दिसली. फुला पुढं वाकली. त्यानं अजून थोडं खरवडलं.

"झिल्या!" आतून आईचा आवाज आला. "भिंतीला हात लावू नगंस रं!"

झिलूनं हात मागं घेतला. बोटांना पीठ लागलं होतं ते त्यानं धोतराला पुसलं. नवं कोरं, पांढरंशुभ्र धोतर होतं. काही दिसलं नाही.