घर म्हटलं की चपला बाहेर

सातपूरच्या कारखान्यात फिटर असलेल्या सावळीरामने देवळाली कॅम्पच्या लिलावातून लष्कराची जुनी ॲम्ब्युलन्स आणली आणि सुट्टीचा एकेक दिवस खपून तिचं घर केलं. आत खाट, खाटेला फुलाफुलांचा पडदा, स्टोव्हसाठी ओटा, पाण्याच्या टाकीला नळ. त्या वर्षी, म्हणजे ब्याऐंशी साली, कॉलनीत चाकांवरच्या घरांची साथच आली होती. शेजारच्या गोटीरामने तर मेटॅडोरमध्ये तुळससुद्धा लावली होती. असलं घर हिंडवायचं कसं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण विचारण्याचा कमीपणा कोण घेणार?

लताबाईंनी नवऱ्याला एकच अट घातली. "पहिल्या फेरीला माझ्या आईला न्यायचं. तिची कंबर दुखली, तर गाडी त्या गोटीरामला देऊन टाकायची."

आई, म्हणजे नवसाबाई, निफाडहून आल्या. पायरीवरच त्यांनी जावयाला अडवलं. "जावईबापू, घर हाय ना हे? मग चपला भायेर!"

चपला बाहेर निघाल्या. सातपूरहून त्र्यंबकला निघताना लताबाईंनी त्या आठवणीने उचलून आत घेतल्या. महिरावणीच्या पुढे एका आंब्याखाली चहाला थांबले, तेव्हा तिन्ही जोड पुन्हा दाराबाहेर ओळीने लागले. चहा झाला, नवसाबाई मागच्या दारालगतच्या खाटेवर पडद्याआड आडव्या झाल्या. लताबाईंनी कपबशा विसळल्या आणि आतल्या दारातून त्या पुढे येऊन बसल्या. सावळीरामही आतूनच पुढे आला. चपला नवऱ्याने घेतल्या असतील असं लताबाईंना वाटलं. सावळीरामला वाटलं, बायकोने घेतल्या.

ते कळलं थेट त्र्यंबकला. वैशाखातलं डांबर, आणि दोघंही अनवाणी.

"नाहीतरी देवळात काढायच्याच असतात ना?" सावळीराम म्हणाला.

"मग देवळापर्यंत तुम्ही चाला! अहो, आईच्याही तिथंच राहिल्या."

"हळू बोल!" सावळीरामने पडद्याकडे बोट दाखवलं. "मामींना कळलं, तर गाडी गेलीच समज. त्या उठायच्या आत घेऊन येऊ."

गाडी वळली. खड्डा दिसला की सावळीराम जीव मुठीत धरून ती उतरवी. भांडी वाजू नयेत म्हणून लताबाईंनी सगळी मांडीवर घेतली. अंजनेरीजवळ म्हशी आडव्या आल्या. हॉर्न वाजवायची सोय नव्हती. सावळीराम चटके सोसत खाली उतरला आणि एकेकीला हाताने ढकलत कुजबुजला, "सरक ना गं बाई, सरक."

लताबाईंनी मागे वळून हलकेच विचारलं, "आई, पाणी हवंय का?"

उत्तर नाही.

"गाढ झोपल्यात," सावळीरामची छाती फुगली. "स्प्रिंगा मी स्वतः बसवल्यात."

आंबा दिसला. त्याखाली दोन जोड जसेच्या तसे होते. तिसरा जोड नवसाबाईंच्या पायात होता आणि त्या खोडाला टेकून, तोंडावर पदर घेऊन बसल्या होत्या.

लताबाईंनी पडदा ओढला. खाटेवर नुसती गोधडी! त्यांच्या मांडीवरची भांडी केव्हाच खाली गेली होती. तशाच धावत जाऊन त्यांनी आईला मिठी मारली आणि त्या रडू लागल्या. सावळीरामलाही इतकं हायसं वाटलं, की गाडी राहते का जाते हे तो घटकाभर विसरलाच.

"रडाया काय झालं गं?" नवसाबाईंनी पदर बाजूला केला. "आत पत्रा लय तापला, म्हून सावलीला आले. डोळा लागला जरा. तुमचं चहापानी उरकलं का नाय आजून?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"उरकलं, उरकलं," सावळीराम घाईने म्हणाला. "मामी, कंबर कशी आहे?"

"ब्येस हाय. एक हादरा नाय लागला. ठेवा गाडी."

मग पायातला जोड काढून त्यांनी स्वतःच तिन्ही जोड उचलले. "घर खरं, पन पळनारं हाय. चपला आतच बऱ्या." आणि खाट सोडून त्या पुढे लेक-जावयाच्या मधोमध, चपला मांडीवर घेऊन बसल्या.

गाडी पुन्हा त्र्यंबककडे निघाली, अंजनेरी मागे पडली. सावळीरामने सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात नवसाबाईंनी समोरच्या रस्त्याकडे बघत विचारलं,

"जावईबापू, मगाशी गेला व्हता तवा देवळात गर्दी व्हती का हो?"